अर्ध्यावरचा काटा

"काय गं, माशांच्या टेम्पोला धडकलीस म्हणे?"

सकाळचे साडेसहा वाजले होते. आमच्या आणि माईंच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्या पलीकडून हा प्रश्न आला तेव्हा माझ्या परडीत जास्वंदीची पाच फुलं होती आणि सहाव्या फुलासाठी मी टाचा उंचावल्या होत्या. त्या खाली आल्या.

"कोण म्हणालं?"

"दूधवाला. त्याला इस्त्रीवालीनं सांगितलं. तिला तुझ्या धाकट्यानं सांगितलं, की आईच्या गाडीला माशांचा वास येतोय."

म्हणजे वास घरातून निघाला आणि फाटकाबाहेर पोचेपर्यंत त्याची धडक झाली होती. अजून दोन घरं पुढे गेला असता तर माझं तेरावं उरकूनच परत आला असता. मी म्हटलं, "धडक नाही हो माई. डिझेल संपलं आंबा गावाजवळ."

माईंचा चेहरा उतरला. अपघातासाठी त्यांनी चहा गॅसवर ठेवून यायची तयारी केली होती, डिझेलसाठी तेवढं कोण थांबणार! तरी त्या थांबल्या, कारण पुढचा प्रश्न त्यांना सुचला होता. "कॉलेजात शिकवतेस ना तू? आणि डिझेल संपलेलं कळलं नाही?"

इथे मला स्वतःची बाजू मांडणं भाग होतं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी रत्नागिरीला भावाकडे निघाले होते. मलकापुरात चहाला थांबले, ते नेमकं पेट्रोल पंपासमोर. काट्याकडे पाहिलं, काटा अर्ध्यावर. खाली आकडा, अजून ३९० किलोमीटर जाल. रत्नागिरीला जाऊन कोल्हापूरला परत आले असते तरी पुरलं असतं एवढं. म्हणून कप ठेवला, पंपाकडे पाठ केली आणि निघाले. आंबा गाव यायच्या अलीकडे धुक्यात गाडीनं दोन आचके दिले, एकदा उगाच जोर केला आणि गप्प झाली. काटा अर्ध्यावर. दिवा नाही, घंटा नाही.

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेला मासळीचा टेम्पो थांबला. त्या माणसानं बॉनेट उघडून दोन मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "डिझेल हाय का?" मी काटा दाखवला. तो काट्याकडे न बघता मागे गेला, टाकीच्या झाकणाला कान लावून त्यानं पत्र्यावर बुक्की मारली. मग म्हणाला, "ठणठणीत रिकामी हाय, ताई." त्याच्या टेम्पोतून नळीनं चारएक लिटर निघालं. मी चावी फिरवायला धावले तर म्हणाला, "सेल्फ मारू नका. आधी हवा काढू." फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपवर एक काळा रबरी फुगा असतो, ब्लडप्रेशर तपासायच्या यंत्राला असतो तसा. तो दाबत बसला. पहिल्यांदा फुगा मऊ पिचपिचीत होता, मग जड झाला, शेवटी दगडासारखा घट्ट. मग तो स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसला, थांबून थांबून चार वेळा सेल्फ मारला, पांढरा धूर निघाला आणि गाडी सुरू झाली. माशांचा संबंध तो एवढाच. डिझेलचे पैसे घेतले, वरचे घेतले नाहीत. मी मागे मलकापूरला जाऊन टाकी फुल्ल केली, ती ४१ लिटरला भरली.

"म्हणजे टाकीत काहीच नव्हतं की!" माई म्हणाल्या. आणि मागे वळून हाक मारली, "अहो, ऐकलंत का?"

तात्या ऐकतच होते. शेवग्याखाली तांब्या घेऊन दात घासताना ते कधीच काही ऐकत नसतात, असा त्यांचा दावा आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस. चूळ भरून भिंतीजवळ आले आणि उभ्या उभ्या त्यांनी तीन प्रश्न विचारले.

"फुल्ल केल्यावर काटा वर गेला?" गेला. "आत्ता कुठं हाय?" पाऊण. "आन् टाकी कधी उघडली होती कुणी?"

हा तिसरा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मे महिन्यात गाडी आचके देत होती म्हणून एका गॅरेजमध्ये टाकी उतरवून धुऊन घेतली होती. तळाशी पाणी आणि चिखल साचला होता. गॅरेजचं बिल डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं आणि त्यावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिले होते. तात्यांनी ते मागवून घेतलं. आंब्याजवळ गाडी थांबली तेव्हाचा आकडा माझ्या फोनमध्ये होता, कारण हतबल माणूस हल्ली पहिल्यांदा डॅशबोर्डचा फोटो काढून नवऱ्याला पाठवतो. वजाबाकी केली. ७१६ किलोमीटर.

"ॲव्हरेज?"

"गावात सोळा."

तात्यांनी हवेतच भागाकार केला. "पावणेपंचेचाळीस. टाकी केवढी?" पंचेचाळीसची. "मग गाडी बरोबर जाग्यावर थांबली. तिची काय चूक न्हाई."

माझी होती. टाकी धुतल्यावर भरली ती एकदाच. कॉलेज ते घर रोजचे दहा किलोमीटर, दोन महिने गेले तरी काटा अर्ध्याखाली येईना, आणि मी काय समजत होते, तर टाकी धुतल्यानं ॲव्हरेज वाढलं. चार जणींना त्या गॅरेजची शिफारसही करून बसले होते.

पुढच्या आठवड्यात गल्लीनं आपापली निदानं कळवली. कोपऱ्यावरचे निवृत्त तलाठी म्हणाले, पंपावर माप मारतात. तात्यांनी त्यांना तिथेच थांबवलं. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं, गिऱ्हाइकानं मागितलं की त्यात भरून दाखवावं लागतं, पाच लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. "मागा की एकदा. आणि माप मारलं म्हणून काटा अर्ध्यावर थांबतोय होय? मारलं असतं तर लवकर खाली आला असता." इस्त्रीवालीचा संशय डिझेलचोरांवर होता. आणि एका गॅरेजनं (मे महिन्यातलं नव्हे, दुसरं) गाडीला हातही न लावता सांगितलं, समोरचा मीटरचा सगळा संच बदला. रक्कम पाच आकडी.

तात्या म्हणाले, "थांब. मुकादम चुकीचा आकडा सांगतोय म्हणून पहिल्यांदा कारकुनाला काढतात होय?"

मग भिंतीवर कोपर टेकवून त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमानं सांगते, कारण मला ते इतकं सरळ कोणी कधी सांगितलं नव्हतं. काट्याला डिझेल दिसत नाही. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याला तारेची दांडी. दांडी वरखाली झाली की तिच्या दुसऱ्या टोकाची पत्र्याची जीभ एका पट्टीवरून घसरते. पट्टीच्या एका टोकाला विजेला अडथळा कमी, दुसऱ्या टोकाला जास्त. तो अडथळा वायरीतून मीटरपर्यंत जातो आणि काटा त्याप्रमाणे उभा राहतो. म्हणजे फ्लोटनं दांडीला सांगितलं, दांडीनं जिभेला, जिभेनं वायरीला, वायरीनं काट्याला. आणि दिवा न लागण्याचं, ३९० किलोमीटरचं? "ते बी त्याच फ्लोटला इचारून सांगतात. अर्धी टाकी गुणिले तुझं ॲव्हरेज. नवीन काय न्हाई त्यात. एकाच बाईनं तीन घरी तीच बातमी नेली, म्हणून ती तीनदा खरी हुती का?"

हे शेवटचं ते माईंकडे न बघता म्हणाले.

खोटं नेमकं कोण बोलतंय ते ओळखायचं तर आधी खोटं कसं बोलतंय ते बघायचं, हा त्यांचा खाक्या. काटा कायमचा तळाशी किंवा कायमचा वर चिकटलाय, तर वायर तुटलीय नाहीतर कुठेतरी बॉडीला टेकलीय. काटा रस्त्यावर उड्या मारतोय, तर पट्टी झिजलीय किंवा तिच्यावर घाण आहे. हेडलाइट लावले, ब्रेक दाबला की काटा हलतोय, तर अर्थिंग खराब. टाकीजवळची काळी वायर जिथे बॉडीला स्क्रूनं बसते तिथे गंज असणार, आणि जुन्या गाड्यांत बऱ्याच तक्रारी त्या एका स्क्रूपाशी मिटतात. सगळीकडे सारखाच कमी दाखवतोय, तर फ्लोटला भोक पडून आत डिझेल शिरलंय, तो बुडत चाललाय. चढावर उभी करून काटा बघायचाच नाही, तेव्हा डिझेल एका बाजूला जातं. "आन् तुझा? तुझा वर खरा हाय, अर्ध्यापाशी अडतोय. का अडतोय ते गाडीच सांगंल. रोज लिही."

लिहिलं. कॅलेंडरच्या पाठीमागे दोन रकाने, किलोमीटर आणि काटा. मलकापूरला भरल्यावर पहिले शंभर किलोमीटर काटा हललाच नव्हता, तेही आठवून लिहिलं. मला वाटलं सापडलं! तात्या म्हणाले, ते सगळ्यांचं असंच असतं, टाकी गळ्यापर्यंत भरली की फ्लोट छताला टेकतो, वरच्या काही लिटरांची त्याला खबर नसते. शिवाय टाकी काही पाटासारखी चौकोनी नसते, सीटखाली बसवायला ती वाकडीतिकडी केलेली, म्हणून काट्याचा अर्धा आणि लिटरचा अर्धा कधीच जुळत नाही. माझ्या रकान्यात पाऊण, पाऊणच्या जरा खाली, अर्धा असं नीट उतरत गेलं आणि मग अर्धा, अर्धा, अर्धा. सहा दिवस अर्धा. हरतालिकेच्या आधीच्या रविवारी हिशेबानं टाकीत पंधरा-सोळा लिटर असायला हवं होतं, काटा मात्र जागचा हलला नव्हता.

त्या रविवारी तात्यांनी भिंत ओलांडली. सत्तरीचा माणूस, फाटकातून फिरून आला नाही.

मागच्या सीटचं बसायचं फळकूट उचललं. खाली कार्पेट, कार्पेटखाली पत्र्याचं झाकण, झाकणाखाली टाकीचं तोंड आणि त्यावर वायरींचा प्लग. सगळ्या गाड्यांत अशी सोय नसते, काहींत टाकीच खाली उतरवावी लागते, माझं नशीब. "डिझेल हाय म्हणून इथं बसलोय," तात्या म्हणाले. "पेट्रोल असतं तर तुला पन गाडीजवळ उभं केलं नसतं." तरी चारी दारं उघडी, आणि माईंना उदबत्ती घेऊन अंगणात यायची बंदी.

पहिली परीक्षा काट्याची. चावी अर्धी फिरवली, प्लग काढला. काटा सावकाश तळाला गेला. इतक्या दिवसांत मी तो पहिल्यांदा अर्ध्याखाली पाहिला. मग त्यांनी खिशातून एक छोटा रेझिस्टन्स काढला आणि प्लगच्या दोन टोकांत जोडला. काटा वर चढत फुल्लला टेकला. जुन्या गाडीत लोक सरळ तार लावून टेकवतात, पण नव्या मीटरमध्ये कार्ड असतं, थेट जोडून ते जाळायचं नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. म्हणजे मीटर निर्दोष. मीटरपर्यंतची वायर निर्दोष. ती पाच आकडी रक्कम तिथेच माझ्या खात्यात परत आली. अर्थिंगलाही वेगळी वायर लावून बघितली, फरक नाही.

मग बॅटरीचं टोक सोडलं, लाकडाचा तुकडा लावून हातोड्यानं टाकीवरची रिंग हळूहळू फिरवली आणि ते युनिट, फ्लोट, दांडी, पट्टी असं सगळं बाहेर निघालं. एवढंसं असतं हो ते. सुपारीच्या डब्यासारखा काळा फ्लोट आणि स्टोव्हच्या पिनेपेक्षा जरा जाड तार. तात्यांनी मल्टिमीटर लावला आणि दांडी बोटानं उचलायला सांगितली. खाली अडीचशेच्या आसपास ओहम. वर नेता नेता दोनशे, दीडशे, शंभर, शेवटी पस्तीस. कुठेही उडी नाही, खंड नाही. (प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, काहींचे तर उलटे असतात, रिकामी टाकी कमी आणि भरलेली जास्त, तेव्हा माझे आकडे घेऊन तुमची गाडी उघडू नका.) फ्लोट कानाशी हलवला, आत डिझेलचा आवाज नाही. बादलीत टाकला, तरंगला.

तात्या गप्प झाले. सगळेच खरं बोलत होते आणि निरोप तरी खोटा पोचत होता. त्यांनी चहा मागितला. चहा पिताना ते युनिट उन्हात धरून फिरवत होते आणि एकदम थांबले.

"हे बघ."

तेलकट काळ्या तारेवर एका जागी तांदळाच्या दाण्याएवढी चकाकी होती. कानशीनं घासावी तशी. तिथे तार कशाला तरी रोज घासत होती. तात्या पुन्हा टाकीवर वाकले. युनिटच्या झाकणावर बाणाची खूण असते आणि टाकीच्या तोंडावर तिची जोडीदार खूण. दोन्ही समोरासमोर यायला हव्यात. मेमध्ये टाकी धुऊन बसवताना कोणीतरी झाकण दोन बोटं फिरवून बसवलं होतं. त्यामुळे फ्लोट उतरायचा तो सरळ न उतरता टाकीतल्या आडव्या पत्र्याकडे जायचा आणि अर्ध्यावर आला की तार त्या पत्र्यात अडकायची. डिझेल खाली जायचं, फ्लोट वर लटकत राहायचा, गोठ्यात गाय नसताना दावं खुंटीला असावं तसा. भरलं की पुन्हा तरंगून मोकळा. म्हणून फुल्ल खरं, पाऊण खरं, आणि बाहेर काढून हातात धरला तर फारच खरा.

दुरुस्तीला एकूण खर्च एका रबरी रिंगेचा. वाकलेली तार तात्यांनी चिमट्यानं सरळ केली, खुणा जुळवल्या. पण त्यांचं समाधान तेवढ्यावर होत नाही. एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर हा हिशेब डोळ्यांत तेल घालून ठेवणारा माणूस तो. रिंग बसवायच्या आधीच त्यांनी हातपंपानं टाकीतलं सगळं डिझेल बाहेर काढलं होतं. आता पाच-पाच लिटर ओतून प्रत्येक वेळी काटा कुठे उभा राहतो ते मी लिहायचं होतं. माप पाहिजे होतं. तात्या घरात जाऊन एक किटली घेऊन आले. मी विचारलं नाही.

पहिल्या पाच लिटरला काटा तळाच्या रेघेच्या किंचित वर, दिवा लागलेला. तो पिवळा दिवा बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दहाला दिवा विझला, पंधराला पाव आणि पावच्या वर एक बोट. तो कागद आता गाडीच्या कप्प्यात त्या बिलाशेजारी आहे. सुरू करायच्या आधी फुगा पुन्हा दगड होईपर्यंत दाबला.

"टेम्पोवाल्यानं शहाणपना केला," तात्या हात पुसत म्हणाले. "रिकाम्या गाडीला सेल्फ मारत बसली असतीस तर पंप गेला असता. नव्या डिझेल गाडीच्या पंपाला दुसरं वंगन नसतंय, डिझेल हेच त्याचं तेल. कोरडा फिरला की लोखंड लोखंडाला खातंय, आन् तो चुरा पुढं इंजेक्टरात." आमच्या वेळी बरं होतं, असंही म्हणाले, जुन्या इंजिनाला इंजेक्टरचे नट सैल करून हवा सोडायचे. या कॉमन रेलमध्ये तसं करायला गेलात तर आत हजार-दीड हजार बारचा दाब असतो, बोटातून आरपार जातं.

काटा उतरतो, दिवा लागतो. तरीही मी आता टाकी भरली की ट्रिपमीटर शून्य करते आणि पाचशे झाले की पंपावर जाते, काटा काहीही म्हणो.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण आज गौरी आल्या आणि माई सकाळपासून दोनदा भिंतीशी येऊन गेल्या. करंज्यांचं तेल ज्यात ठेवतात ती पाच लिटरची किटली सापडत नव्हती. ती खरं तर माझ्याकडे होती. राखेनं घासली, चिंचेनं घासली, साबणानं तीनदा धुतली, चार दिवस गच्चीवर उन्हात पालथी घातली. दुपारी धीर करून भिंतीवर नेऊन ठेवली. माईंनी झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि शेवग्याखाली पेपर वाचत बसलेल्या तात्यांकडे वळल्या.

"अहो, हिला रॉकेलचा वास कसा?"

पेपर खाली आला नाही. आतून आवाज आला, "दूधवाल्यानं नेली असंल."